वर फिकी, खाली गडद

या वं पोरीहो, जराशा जवळ सरका. पेपर हातात घेऊन उभ्या उभ्या वाचू नका, बसा. आधी मला तुमच्यावर रागवायचं आहे, बाकीचं मग. विमलबाई गेल्याचं तुम्हाला कळलं, तुम्ही धरमपेठेतल्या शाळेत जमल्या, फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि आपापल्या घरी गेल्या. चांगलं केलं. पण आपली चित्रकलेची बाई राहत होती कुठं, त्या घरी एकदा जाऊन यावं, असं वाटलं नाही काय तुम्हाला? सक्करदरा काही विलायतेत नाही, नागपुरातच आहे. ज्या ओट्यावर तुमची बाई तेरा वर्षं बसली, त्या ओट्यावर मी चटई टाकून ठेवली होती. तीन जणी आल्या. त्या तिघींची नावं मी घेत नाही, बाकीच्यांना लाज वाटेल.

झालं, रागावून झालं. आता खरं सांगते. तुमच्यापैकी एकीची मी जास्त वाट पाहत होते. तिचं नाव सुगंधा. उमरेडच्या कोष्ट्याची, विणकराची पोरगी, चार वर्षांमागं तुमच्याच शाळेत होती, आत्याकडे राहून शिकायची. तिनं परीक्षेत काढलेलं एक चित्र माझ्या घरी आहे. ते तिच्या हातात द्यायचं म्हणून बाई चार वर्षं थांबल्या, आणि द्यायचं राहून गेलं. आता ते ओझं माझ्याकडं आलं आहे. जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले. मी बाईंची घरमालकीण, मागावर बसणारी; शाळेत गेलेली नाही. सुताच्या गठ्ठ्यांवर छापील कागद गुंडाळून यायचे, ते जोडून जोडून वाचायला शिकले. शुद्धलेखनाचं काय ते संपादकसाहेब पाहून घेतील.

बाई गेल्या ती वेळ मला मोटारीच्या भोंग्यावरून आठवते. रोज चारच्या सुमारास उमरेडकडून येणारी मोटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. भोंगा वाजला की ओट्यावरच्या खुर्चीतून बाई विचारायच्या, "यमुनाबाई, कोणी उतरलं का हो?" मी आत चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असायचे. खिडकीतून मान काढून पाहायचे आणि सांगायचे, "नाई बाई. एक म्हातारा उतरला, अन् दोन मिरच्याचे पोते." बाई हसायच्या. "पोत्यांना चित्रकला येते का, विचारा." हे रोजचं. त्यांना दोन दिवस बारीक ताप होता, पण खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. त्या मंगळवारी भोंगा वाजला, आणि मी हातातली कांडी तशीच धरून बाईंच्या विचारण्याची वाट पाहिली. मोटार निघूनही गेली. मीच म्हटलं, "बाई, आज कोणीच नाई उतरलं."  मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं... आणि मग चरखा तसाच फिरता टाकून बाहेर धावले.

त्या आमच्या घरी आल्या सत्तेचाळीस साली, झेंडा चढायच्या दोन महिने आधी. सायकलवरून. मागं पत्र्याची पेटी बांधलेली आणि पाठीवर कागदांची लांब गुंडाळी, बंदुकीसारखी. बाईमाणूस सायकलवर म्हणून आमच्या गल्लीतली सगळी माणसं माग सोडून बाहेर आली. वर्ध्याकडच्या एका मास्तरांची ही मुलगी. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, तर बापानं रडत बसू दिलं नाही, हातात पेन्सिल दिली. चित्रकलेच्या परीक्षा एकामागून एक दिल्या आणि धरमपेठेतल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. पण तिकडं कोणी खोली देईना. एकटी बाई, तीही चित्रं काढणारी. आमचे हे तर माझ्यावरच उखडले. "सायकलवर फिरते, चित्रं काढते. लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, "लोकायले फुरसत आहे काय म्हणाले? अन् म्हणतीनच, तं मीच सांगतो लोकायले, का आमच्याकडं एक जण तरी लिवणारी-वाचणारी राह्यते." मागाच्या बाजूची खोली मी त्याच दिवशी सारवून दिली.

मागाचा खटखटाट सहन होईल की नाही, अशी मला धास्ती होती. बाई म्हणाल्या, "माग बंद पडला की मला कळेल तुम्ही जेवायला बसलात. मीही ताट घेईन." तसंच चाललं मग तेरा वर्षं. ऑगस्टात शाळेच्या समारंभासाठी त्यांना एक भला मोठा पडदा रंगवायचा होता. शाळेत जागा नाही, म्हणून तो आमच्या अंगणात पसरला. तीन दिवस गल्लीतली बायामाणसं कडेनं जायची. हिरव्यापाशी गाडं अडलं. बाई रंग लावायच्या, लांब जाऊन पाहायच्या आणि डोक्याला हात लावायच्या. "फार गडद झाला हो, अगदी शेवाळ!" मी म्हटलं, "बाई, ओल्या रंगाले पाहून रडू नका. वाळू द्या. रंगातून सूत काढलं का काळं दिसते, वाळलं का पोपटी." दुपारी तो वाळला आणि अगदी पाहिजे तसा झाला. बाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मीच त्यांची मास्तरीण. हे मी मुद्दाम सांगून ठेवते. ओला रंग खरा नसतो हे बाईंना मी शिकवलं होतं. मीच...

त्यांचं शिकवणं तुम्हाला माहीत आहे. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी असं चित्र कोणी काढलं की त्या त्या पोरीला हात धरून मैदानात न्यायच्या आणि म्हणायच्या, "दाखव बरं, नागपुरात कुठं पाहिलेस हे डोंगर?" जे माहीत आहे ते काढू नका, जे दिसतं ते काढा, हे त्यांचं पालुपद. रविवारी स्वतः सक्करदऱ्याच्या तळ्यावर जाऊन बसायच्या. म्हशी, धुणी, आमच्या वाळत घातलेल्या सुताच्या लड्या, बांधावरची बाभूळ. त्यांची दोन चित्रं एकदा मोठ्या प्रदर्शनात लागली. त्या मला घेऊन गेल्या होत्या. एक कोटवाले साहेब आले आणि बाईंना म्हणाले, "छान काढलंय. चित्रकार कुठं आहेत, तुमचे यजमान?" बाई म्हणाल्या, "यजमान नाहीत. चित्रकार मात्र इथंच उभी आहे." साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. आम्ही दोघी घरापर्यंत हसत आलो.

मग एक दिवस सायकल बंद झाली. चाकात हवा नाही, म्हणाल्या. चार दिवसांनी साखळी खराब. आठ दिवसांनी म्हणाल्या, चालणं तब्येतीला बरं असतं. सक्करदऱ्याहून धरमपेठ, काय जवळ आहे?  मग बाभळीच्या पाल्यावर त्यांनी निळा रंग लावलेला मी पाहिला. मी हळूच म्हटलं, "बाई, झाड निळं झालं." त्या म्हणाल्या, "संध्याकाळची सावली आहे ती." चित्रात तर भर दुपार होती, माणसांच्या पायाखाली इवल्याशा सावल्या होत्या.  मग त्यांनीच कुंचला खाली ठेवला. "कुणाला सांगू नका, यमुनाबाई. डॉक्टर म्हणतात डोळ्यांमागची नस सुकत चालली आहे. आधी रंग जातील, मग कडा. किती दिवसांत, ते त्यांनाही सांगता येत नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. तिसरं माणूस असल्यासारखी. शाळेत कळलं तर काय? रंग न दिसणारी चित्रकलेची बाई कोण ठेवील? आणि शाळा गेली तर या बाईचं दुसरं आहे कोण? बाप वारलेला, सासर तुटलेलं. रोज संध्याकाळी त्या गल्लीच्या तोंडाशी दिसेपर्यंत मागावर माझा धोटा सरळ चालायचा नाही. उशीर झाला की वाटायचं, आज कळलं, आज बोलावलं असेल शाळेच्या मोठ्या बाईंनी. मी एक उपाय केला. रंगाच्या बाटल्यांच्या गळ्याला सूत बांधलं. तांबड्याला एक गाठ, पिवळ्याला दोन, निळ्याला तीन, हिरव्याला दोन आणि मग जागा सोडून एक. बाई बोटानं चाचपून बाटली उचलायच्या. वर्गात मुली विचारायच्या, बाई हे काय बांधलं? त्या म्हणायच्या, आमच्या घरमालकिणीला नजर लागायची फार भीती. तुम्ही हसायच्या ना? आठवत असेल तुम्हाला.

राहिली गोष्ट चित्रं तपासायची. रेघा बाईंना अजून दिसायच्या, उजेडात कागद डोळ्याशी नेला की. रंग आणि त्यातलं फिकं-गडद मी सांगायचे. त्या गठ्ठा घरी आणायच्या, मी एकेक कागद पाहून सांगायचे. आकाश फिकं आहे, कडेला जांभळी झाक आहे, लुगडं डाळिंबी आहे, पदराशी रंग पसरला आहे. बाई त्यावर गुण द्यायच्या. आता तुम्ही म्हणाल, आमचे गुण एका विणकर बाईनं ठरवले काय? हाव. रंगापुरते माझ्या सांगण्यावरच दिले. पण रंगात माझा जन्म गेला आहे पोरीहो, मी तुमच्यापैकी कोणाचं वाईट केलं नाही. एकीचं सोडून.

नागपूरची राजधानी मुंबईला गेली त्या साली, म्हणजे छप्पनला, मार्चातल्या परीक्षेत विषय होता 'तळ्याकाठ'. कागदामागं नावं नसायची, नुसते नंबर, अशी मोठ्या बाईंची शिस्त. ज्या मुलीचं चित्र पहिलं येईल तिला शाळा पुढच्या चित्रकला परीक्षेला बसवणार होती, आणि सुगंधाच्या बापानं लेकीला बजावून ठेवलं होतं की पहिली आली तर पुढं शिक, नाही तर घरी येऊन मागावर बस. हे ती बाईंना सांगून गेली होती. बाईंना ती फार आवडायची, पण नंबर तो नंबर. गठ्ठा तपासायचा त्या दिवशी माझ्याकडं लग्नाच्या लुगड्यांचं काम होतं. ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावत होते. खळ लावली की मध्ये थांबता येत नाही, कुंचा फिरवत राहावं लागतं, नाही तर सूत एकमेकाला चिकटून बसतं. माझे दोन्ही हात खळीनं भरलेले. बाई अंगणात आल्या, कागद माझ्यापुढं लांबून धरला. "रेघ फार सुंदर आहे हो हिची. काठीवर सुताच्या लड्या टांगल्या आहेत. रंग सांगा." मी मान वळवून पाहिलं, एकदाच, आणि तोंडातून निघून गेलं, "रंग सारखा बसला नाई, बाई. वर फिका, खाली गडद. सगळ्या लड्यायले तसंच. कच्चा हात आहे." बाई म्हणाल्या, "सगळ्या?" मी म्हटलं, "हाव, सगळ्या." आणि कुंचा फिरवत पुढं गेले.

तुम्हाला कळलं का मी काय केलं ते? आम्हा लोकांना रंगाऱ्याकडून सूत आलं की आधी एकच गोष्ट दिसते, रंग सारखा बसला की नाही. वर फिकं, खाली गडद असलं तर ते सूत आम्ही तोंडावर परत मारतो. मी त्या पोरीच्या चित्राकडं चित्र म्हणून पाहिलंच नाही. सूत म्हणून पाहिलं. नापसंत करून टाकलं. रेघेला बाईंनी पुरे गुण दिले, रंगाचे कापले. ते चित्र तिसरं आलं. निकालात नाव फक्त पहिल्या आलेल्या मुलीचं लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी सुगंधाचा बाप येऊन तिला घेऊन गेला.

त्यानंतरच्या रविवारी मी तळ्यावर गेले, नवं रंगवलेलं सूत धुऊन वाळत घालायला. बाई सोबत होत्या, चित्र काढायला म्हणून नव्हे, नुसत्या बसायला. लड्या काठीवर टांगल्या, घाम पुसला, बसले. घटका दोन घटका गेल्या असतील. सहज वर पाहिलं... आणि उठून उभीच राहिले. पाणी खाली उतरलं होतं. प्रत्येक लडी वरून वाळून फिकी झाली होती, खालून ओली, गडद. सगळ्या. एकूण एक.  "बाई," मी म्हटलं, "मले माफ करा. ते चित्र बराबर होतं." बाईंना आधी समजेना. मी त्यांचा हात धरून लडीवर ठेवला. वर कोरडी, खरखरीत. मग तोच हात खाली आणला. ओली, गार, बोटाशी पाणी. बाई कितीतरी वेळ तो हात वर-खाली करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या मुलीनं नीट पाहिलं होतं."

घरी आल्यावर बाईंनी नंबरांची यादी काढून मला वाचायला लावली. ते चित्र सुगंधाचं निघालं. निघणारच होतं म्हणा, धरमपेठेतल्या पोरींना ओलं सूत कुठून माहीत? बाई म्हणाल्या, "उद्या मोठ्या बाईंकडं जाते." मी दारात आडवी उभी राहिले. खोटं कशाला सांगू, मला त्या घडीला पोरीपेक्षा बाईंची काळजी जास्त वाटली.

"नका जाऊ बाई. चूक माही आहे. मी जातो. सांगतो का म्याच चुकीचं सांगतलं."

"तुम्हाला मी कशासाठी विचारलं, असं त्या विचारतील. मग?"

"मंग गप्प राहा. तिसरी आली पोरगी, नापास तं नाई झाली. पुढच्या साली येईन पयली."

"घेऊन गेलेला बाप पुढच्या साली परत धाडील का तिला शाळेत? तुम्ही ओळखता ना ही माणसं, तुम्हीच सांगा."

 मी म्हणाले, "तुमची नोकरी जाईन बाई. मंग काय करान?"

बाई चिडायच्या नाहीत कधी. त्या दिवशी चिडल्या. "मी रोज मुलींना सांगते, जे दिसतं ते काढा. एकीनं काढलं, तर मी तिचे गुण कापले. हे मिटवून टाकलं तर सोमवारी वर्गात उभी राहून मी काय शिकवू, यमुनाबाई? डोंगर आणि सूर्य?"

सोमवारी त्या गेल्या. मी देवापुढं बसले, उठले, पुन्हा बसले, माग एकदाही चालवला नाही. बाई आल्या त्या पायरीवरच बसल्या. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गुणांची दुरुस्ती केली, सुगंधा पहिली, असं नोंदवलं आणि उमरेडला शाळेचं पत्र धाडलं. मग म्हणाल्या, "विमलबाई, डोळ्यांचा दाखला आणा." दाखला काय येणार ते दोघींनाही माहीत होतं. सुट्टीनंतर चित्रकलेच्या वर्गावर दुसऱ्या बाई आल्या. तुम्हाला सांगितलं गेलं की बाईंची तब्येत बरी नसते. खरं काय ते आज सांगते आहे. बाईंनी मला मनाई केली नव्हती, नुसतं म्हणाल्या होत्या, मी आहे तोवर नको.

शाळेचं पत्र गेलं आहे म्हणून आम्ही उत्तराची वाट पाहत राहिलो. ही आमची दुसरी चूक. पत्र गेलं की काम झालं, असं बाईंना वाटायचं, शाळेतलं माणूस ना. एप्रिल गेला, मे गेला. रोज मी विचारायचे, टपाल? रोज नाही. शेवटी जूनमध्ये ते चित्र लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आम्ही दोघी मोटारीनं उमरेडला गेलो. सुगंधाचा बाप मागावर होता. त्यानं ओळखलं बाईंना, उठला नाही पण. "बसा बाई. पोरगी देल्ली म्या. वैशाखात लगन झालं, भंडाऱ्याकडं." बाईंनी विचारलं, शाळेचं पत्र नाही आलं का? त्यानं छपराच्या कवेलूखालून पाकीट काढून दाखवलं, बंदच. "मले कुठं वाचता येते? म्हटलं शाळेचं आहे, काही देणंघेणं असन. ठेवून देल्लं." बाईंनी सांगितलं, "अहो, तुमची मुलगी पहिली आली होती. चूक आमची झाली." त्याचा हात मागावरच थांबला. पार थांबला. मग म्हणाला, "आता सांगून राहिल्या?"

 मी चित्र उलगडून त्याच्यापुढं धरलं. रंगातला माणूस तो. एका नजरेत म्हणाला, "ओलं सूत आहे. खालून ओलं." मला जमिनीत जावंसं वाटलं. बाई म्हणाल्या, हे ठेवा, ती माहेरी आली की द्या. तो मान हलवत राहिला. "नाई बाई. मले तिच्यापुढं नाई ठेवता येणार हे. तुमच्याच हातानं द्या तिले. ते आली का मी देतो मोटारीत बसवून." तेव्हापासून ती चारची मोटार, आणि ते विचारणं... कोणी उतरलं का हो?

बाईंनी तिच्या सासरच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं होतं. चित्राचं नाव काढलं तर नव्या सुनेला कोण काय बोलेल याची धाकधूक, म्हणून मोजून लिहिलं: तुझी एक वस्तू आहे, येशील तेव्हा घेऊन जा. ते पोचलं की नाही, देव जाणे. दर दिवाळीला वाटायचं, या खेपेला येईल. तिसऱ्या दिवाळीला मी एकटीच उमरेडला जाऊन आले, तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, म्हातारा लेकीकडंच गेला राहायला. लेकीचं गाव कोणतं, ते धड कोणाला सांगता येईना.

बाईंनी हात मात्र थांबवला नाही. डोळ्यांपुढच्या कडाही जाईपर्यंत ओट्यावर आमच्या गल्लीतल्या पोरींना शिकवलं. रंग नाही, नुसत्या रेघा, कोळशानं. पोरीच्या बोटावर आपलं बोट ठेवून रेघ कुठं वळते ते पाहायच्या. "आता लडी काढ. आता पाणी कुठवर उतरलंय ते दाखव." त्या पोरींना वाटायचं, बाईंना सुताचा भारीच नाद आहे.

आता सुगंधा, तू जर हे वाचत असशील, किंवा तुझ्या सासरी कोणी वाचत असेल आणि तुझं माहेरचं नाव त्यांना माहीत असेल, तर ऐक. तुझं चित्र बाईंच्या पत्र्याच्या पेटीत आहे. मागच्या बाजूला जुने गुण खोडून त्यांनी नवे लिहिले आहेत, मोठ्या वाकड्या अक्षरात, कारण ते उशिरा लिहिले, तोवर त्यांना स्वतःचं अक्षर दिसत नव्हतं. खाली सही आहे, ती दोन ओळींवर पसरली आहे. यंदाच्या पावसात पेटीच्या एका कोपऱ्याला ओल आली होती. मी चित्र काढून उन्हाच्या कडेला धरलं, पुन्हा ठेवलं, आता दर चार दिवसांनी उघडून पाहते. वरच्या लड्या आणखी फिक्या झाल्यासारख्या वाटतात. रंग उडतो आहे की माझेच डोळे गढूळ होत चालले, कळत नाही, आणि विचारू कोणाला? बाटल्या कोनाड्यात तशाच आहेत. निळ्याची तिसरी गाठ परवा सुटली, मी परत बांधली.

तुला राग असेल. असू दे. राग घेऊन ये, मला बोल, मी ऐकून घेईन. बाईंना बोलायचं असेल तर खुर्चीपुढं उभी राहून बोल, ती अजून ओट्यावरच आहे. मोटार चारला येते. कंडक्टरला सक्करदरा सांग, गल्लीच्या तोंडाशी उतर, मागाचा आवाज येईल तिकडं चालत ये. भोंगा वाजला की मी अजून खिडकीतून मान काढून पाहते. कोणी विचारत नाही, तरी पाहते. फार दिवस नको लावू वं माय. लवकर ये.